आधी भाव, मग खर्च : विम्याचा प्रीमियम ठरतो कसा

खुर्च्या बनवणारा कारखानदार लाकूड, मजुरी, भाडं, वाहतूक यांची बेरीज मांडतो, वर नफा चढवतो आणि भाव सांगतो. विमा कंपनीला ही सोय नाही. तिला भाव आज सांगावा लागतो आणि त्या पॉलिसीपोटी खिशातून किती गेले हे कळायला कधी वर्ष लागतं, कधी दहा, कधी चाळीस. विक्री झालेली असते, पैसे जमा झालेले असतात, आणि खर्च किती येणार हे मात्र अजून कुणालाच माहीत नसतं. विमागणित नावाचं जे अवजड शास्त्र आहे ते या उलट्या क्रमाशी झुंजता झुंजताच उभं राहिलंय. त्यातल्या जाणकारांना ॲक्चुअरी म्हणतात.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ॲक्चुअरी तुमचं भविष्य सांगत नाही. तुमची गाडी यंदा ठोकली जाईल का, याचं उत्तर त्याच्याकडे नसतं आणि त्याला ते नकोही असतं. तुमच्यासारख्या दहा हजार जणांपैकी साधारण किती जणांच्या गाड्या ठोकल्या जातील, एवढं बऱ्यापैकी सांगता आलं की त्याचं काम भागतं. हे दहा हजार जण निवडायचे कसे, हा मात्र भांडणाचा विषय आहे. तिथे येऊच.

किती वेळा आणि किती रुपयांना

गाडीच्या विम्यापासून सुरुवात करू, कारण तिथलं गणित सगळ्यात उघडं दिसतं. समजा, कंपनीकडे १०,००० गाड्या आहेत. वर्षभरात ६०० दावे आले आणि दाव्यामागे सरासरी ५०,००० रुपये गेले. गाडीमागे दाव्यांचं प्रमाण ०.०६. त्याला ५०,००० ने गुणलं की येतात ३,०००. प्रत्येकाकडून ३,००० घेतले असते तर सगळे दावे बरोबर भागले असते, एक पैसाही उरला नसता. हा झाला शुद्ध प्रीमियम.

एकूण खर्चाला गाड्यांच्या संख्येने भागलं तरी ३,०००च येतात. मग संख्या आणि रक्कम वेगवेगळी का ठेवायची? कारण दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी हलतात. लोक गाडी कमी चालवायला लागले की दाव्यांची संख्या घटते. बंपरमध्ये सेन्सर आणि कॅमेरे आले की तेवढ्याच धडकेचं बिल फुगतं. २०२० च्या टाळेबंदीत अनेक देशांत अपघातांची संख्या घसरली आणि त्यानंतर सुट्या भागांच्या टंचाईमुळे दुरुस्तीचा खर्च चढला. नुसती बेरीज बघणाऱ्याला एकाची घट दुसऱ्याच्या वाढीत बुडालेली दिसली असती, आणि पुढच्या वर्षीचा अंदाज साफ चुकला असता.

आता हे ६०० दावे कितपत भरवशाचे? पुढच्या वर्षी परिस्थिती अगदी तशीच राहिली तरी आकडा ६०० येणार नाही. निव्वळ योगायोगाने तो साधारण ५५० ते ६५० च्या मध्ये कुठेतरी पडेल. कंपनीकडे फक्त १०० गाड्या असत्या तर अपेक्षा ६ दाव्यांची असती, पण प्रत्यक्षात २ आले काय किंवा ११ आले काय, त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. गाड्या दहा लाख असतील तर अपेक्षा ६०,००० ची आणि चढउतार अर्ध्या टक्क्याच्या आसपास. समूह वाढला की योगायोगाचा वाटा, प्रमाण म्हणून पाहिला तर, लहान होत जातो. याकोब बर्नुलीने हा नियम सिद्ध केला आणि तो १७१३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. विम्याचा सगळा डोलारा या नियमावर उभा आहे असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

उरलेलं अर्धं असं, की मोठा समूह फक्त योगायोगाची काळजी घेतो. ०.०६ हा आकडाच मुळात चुकला असेल तर गाड्या दहापट करून काही सुधारत नाही. तीच चूक दहापट मोठी होते. आणि तो आकडा चुकायला भरपूर वाव आहे, कारण तो मागच्या वर्षांचा आहे आणि विकायचा आहे पुढच्या वर्षांसाठी.

किती पुढच्या? हे नीट मोजून पाहण्यासारखं आहे. समजा आकडेवारी पहिल्या वर्षातल्या अपघातांची आहे. दुसरं वर्ष ती गोळा करण्यात, तपासण्यात आणि मंजुरीत जातं. नवा दर तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी लागू होतो आणि वर्षभर विकला जातो. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी विकलेली पॉलिसी चौथं वर्ष संपेपर्यंत चालते. म्हणजे या दराखाली होणाऱ्या अपघातांचा मध्य येतो तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, तर आकडेवारीचा मध्य आहे पहिल्या वर्षाच्या मधोमध. अंतर अडीच वर्षं. दुरुस्तीचा खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढत असेल तर या अडीच वर्षांत तो २१ टक्क्यांनी चढतो आणि ३,००० चे ३,६३६ होतात. अजून कुणी एक रुपया नफा घेतलेला नाही. महागाईच्या अंदाजात एखाददुसऱ्या टक्क्याची चूक झाली की ठरवलेला नफा तिथेच गडप होतो.

महागाईची आणखी एक खोड आहे. पॉलिसीत अशी अट असते की सुरुवातीची अमुक रक्कम ग्राहकाने सोसायची, त्यावरची कंपनीने. समजा ही मर्यादा ५०,००० आहे आणि नुकसान ६०,००० चं. कंपनी १०,००० देते. पुढच्या वर्षी तेच नुकसान १० टक्क्यांनी महाग होऊन ६६,००० वर गेलं. मर्यादा जागच्या जागी आहे, त्यामुळे कंपनी देते १६,०००. बाजारात महागाई १० टक्के, कंपनीच्या वाट्याला ६० टक्के. शिवाय जी नुकसानं आधी मर्यादेच्या आत राहायची त्यांतलीही काही आता वर डोकं काढतात. वरच्या थराचा विमा उतरवणाऱ्या पुनर्विमा कंपन्या, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा करणाऱ्या कंपन्या, महागाईला एवढ्या का घाबरतात, ते यावरून कळावं.

शुद्ध प्रीमियमवर मग बाकीचा खर्च चढतो. वाढीव आकडा बाजूला ठेवून ३,००० वरच गणित करू. पॉलिसीमागे कचेरीचा ठराविक खर्च ३००, कमिशन आणि इतर खर्च प्रीमियमच्या २० टक्के, नफ्यासाठी ५ टक्के. बरेच जण ३,३०० वर २५ टक्के चढवून ४,१२५ म्हणतील. ते कमी पडतात, कारण कमिशन कापलं जातं ते अंतिम प्रीमियममधून. ३,३०० ला ०.७५ ने भागायचं, उत्तर ४,४००.

त्यातले नफ्याचे ५ टक्के पाहून कपाळावर आठी पडते, पण तिथे एक गणिती सत्य आडवं येतं. स्वीडनच्या फिलिप लुंडबर्गने १९०३ साली कंपनी बुडण्याच्या शक्यतेचं गणित मांडायला सुरुवात केली, पुढे हाराल्ड क्रामेरने ते पक्कं केलं. त्यातून निघतं ते असं : जी कंपनी सरासरी दाव्यांएवढाच प्रीमियम घेते, वर काहीच ठेवत नाही, ती कधी ना कधी बुडतेच. भांडवल कितीही असो, त्याने फक्त उशीर होतो. तेव्हा थोडं जास्तीचं घ्यावंच लागतं. किती घ्यावं यावर वाद घालायला हरकत नाही.

एका रांगेत कुणाला उभं करायचं

सगळ्यांना एकच दर लावला तर काय बिघडतं? समजा, निम्म्या चालकांचा खरा खर्च २,००० आहे आणि निम्म्यांचा ४,०००. तुम्ही सरसकट ३,००० लावता. शेजारची कंपनी दोघांना ओळखते आणि २,००० व ४,००० असे वेगळे दर लावते. सावध चालक तिकडे जातात, बेफिकीर चालक तुमच्याकडे येतात. वर्षअखेर तुमचा सरासरी खर्च ३,००० राहत नाही, ४,००० कडे सरकतो. तुम्ही दर वाढवता, मग उरलेसुरले सावध लोकही निघून जातात. प्रतिकूल निवड म्हणतात ती ही. आरोग्य विम्यात तिने अख्ख्या योजना बंद पाडल्या आहेत, कारण स्वतःच्या तब्येतीची खबर माणसाला कंपनीपेक्षा आधी लागते.

म्हणून विभागणी. वय, गाडीचा प्रकार, वर्षाला किती अंतर कापलं, आधीचे दावे, असे वीस-तीस घटक. इथे एक सापळा आहे, आणि नवशिका विश्लेषक त्यात हमखास सापडतो.

समजा खरी परिस्थिती अशी आहे : तरुण चालकाचा धोका प्रौढापेक्षा दुप्पट, आणि ताकदवान गाडीचा धोका साध्या गाडीच्या दीडपट. साधी गाडी चालवणाऱ्या प्रौढांमध्ये शंभरात ४ दावे. मग साध्या गाडीतले तरुण ८, ताकदवान गाडीतले प्रौढ ६, आणि ताकदवान गाडीतले तरुण १२. आता भर अशी की तरुणांपैकी ८० टक्क्यांकडे ताकदवान गाड्या आहेत आणि प्रौढांपैकी फक्त २० टक्क्यांकडे. दोन्ही गट सारखेच मोठे.

विश्लेषक आधी फक्त वय बघतो. तरुणांचे शंभरात ११.२ दावे, प्रौढांचे ४.४. तो लिहितो : तरुणांना अडीचपट. मग फक्त गाडी बघतो. ताकदवान १०.८, साधी ४.८. लिहितो : सव्वादोनपट. दोन्ही गुणले की ताकदवान गाडीतल्या तरुणाला जवळपास पावणेसहापट दर लागतो. खरा धोका किती? तिप्पट. तरुण आणि ताकदवान गाड्या एकत्र सापडतात म्हणून एकच धोका दोनदा मोजला गेला. गंमत म्हणजे या तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा आहे. चुकली ती एकेका घटकाकडे सुटं बघण्याची पद्धत.

यावरचा उपाय म्हणजे सगळे घटक एकाच वेळी समीकरणात बसवायचे, म्हणजे प्रत्येकाचा वाटा इतरांना धरून निघतो. जॉन नेल्डर आणि रॉबर्ट वेडरबर्न यांनी १९७२ साली त्याची सांख्यिकी चौकट मांडली. ती ‘जीएलएम’ (जनरलाइज्ड लिनियर मॉडेल) या नावाने ओळखली जाते आणि जगभरातल्या वाहन विम्याच्या दरांत आजही तिचंच राज्य आहे. मशीन लर्निंगची नवी मॉडेलं अंदाजाच्या शर्यतीत अनेकदा तिला मागे टाकतात. तरी ती टिकून आहे, कारण तिचं उत्तर म्हणजे गुणकांचा साधा तक्ता. नियामकाने विचारलं की या ग्राहकाला एवढा दर का, तर तक्त्यावर बोट ठेवून दाखवता येतं. शेकडो निर्णयवृक्षांची बेरीज करणाऱ्या मॉडेलला ते जमत नाही. माझ्या मते हा त्याचा साधासुधा दोष नाही. ज्या दराचं कारण सांगता येत नाही तो दर लोकांकडून वसूल करायचा कशाच्या आधारावर?

विभागणीची किंमतही मोजावी लागते. जितके कप्पे जास्त, तितकी प्रत्येक कप्प्यात माणसं कमी. एखाद्या कप्प्यात १०० गाड्या उरल्या की मघाचे ६ दावे, २ ते ११ च्या मध्ये कुठेही उड्या मारणारे. त्या कप्प्याचा दर त्याच्याच अनुभवावर ठरवला तर दरवर्षी वेड्यासारखा वरखाली होईल. सगळ्यांचा सरसकट लावला तर विभागणी केलीच कशाला?

विमागणितात मला सगळ्यात आवडणारी कल्पना इथे येते. तिला विश्वासार्हता म्हणतात. कप्प्याच्या स्वतःच्या अनुभवाला थोडं वजन द्यायचं आणि उरलेलं सगळ्यांच्या सरासरीला. वजन किती, ते दाव्यांच्या संख्येवर. अमेरिकेत कामगारांच्या भरपाई विम्यासाठी अल्बर्ट व्हिटनीने १९१८ साली ही दिशा दाखवली. जुन्या नियमात एक ठरलेला आकडा आहे, १,०८२. एवढे दावे हाताशी असले तर निरीक्षण खऱ्या सरासरीच्या ५ टक्के आत असण्याची शक्यता ९० टक्के होते, म्हणून पूर्ण विश्वास. दावे कमी असतील तर त्यांना १,०८२ ने भागून वर्गमूळ काढायचं. एखाद्या गटाचे १२० दावे असतील तर वजन येतं एक तृतीयांश. त्या गटाचा स्वतःचा अनुभव ३,९०० सांगत असेल आणि सर्वसाधारण आकडा ३,००० असेल, तर दर ठरतो ३,३००. स्विस गणितज्ञ हान्स ब्यूलमान यांनी १९६७ साली याच कल्पनेला अधिक पक्का पाया दिला. त्यात गटागटांत खरोखर फरक किती आणि गटाच्या आतला निव्वळ गोंधळ किती, याची तुलना होते. ज्या बाजारात गट खरोखरच वेगवेगळे आहेत तिथे थोड्या अनुभवालाही जास्त वजन मिळतं.

आयुष्याचा विमा : चाळीस वर्षांचा एक भाव

आयुर्विम्यात दाव्याची रक्कम आधीच ठरलेली असते. मृत्यू येणार हेही ठरलेलं. प्रश्न फक्त कधीचा. म्हणून इथलं मुख्य हत्यार मृत्युसारणी : अमुक वयाच्या हजार जणांपैकी पुढच्या वर्षभरात किती जातील. जॉन ग्राँटने १६६२ साली लंडनच्या मृत्युनोंदींवरून पहिला प्रयत्न केला. धूमकेतूमुळे सर्वांना माहीत असलेल्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून नीट सारणी रचली आणि आजन्म वेतनाची, म्हणजे एकरकमी पैसे भरून मरेपर्यंत दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची, किंमत वयानुसार कशी काढायची ते दाखवलं. त्या काळात इंग्लंडचं सरकार अशी वेतनं वय न बघता एकाच भावाने विकत होतं. दहा वर्षांच्या मुलाला आणि साठीच्या गृहस्थाला एकच भाव! १८२५ साली बेंजामिन गॉम्पर्ट्झच्या लक्षात आलं की प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक पटीने वाढत जातो. आजच्या समाजांत तो साधारण दर ८ वर्षांनी दुप्पट होतो.

ही दुपटीची चाल विमा विकणाऱ्याला भारी अडचणीची. समजा, चाळिशीत हजारी २ मृत्यू. १० लाखांच्या विम्याचा त्या वर्षीचा शुद्ध प्रीमियम २,०००. चौसष्टाव्या वर्षी धोका तीनदा दुप्पट होऊन हजारी १६, प्रीमियम १६,०००. विम्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच तो परवडेनासा होतो, आणि ज्यांची तब्येत ठणठणीत असते ते आधी सोडून जातात.

जेम्स डॉडसन नावाच्या इंग्रज गणितज्ञाला ॲमिकेबल सोसायटी या लंडनच्या विमा संस्थेने पंचेचाळिशी उलटली म्हणून विमा नाकारला होता. त्याने वेगळाच मार्ग काढला : आयुष्यभर एकच, न बदलणारा प्रीमियम. सुरुवातीच्या वर्षांत धोक्यापेक्षा जास्त घ्यायचं, ते व्याजाने वाढवत ठेवायचं आणि उतारवयातली तूट त्यातून भरायची. डॉडसन १७५७ साली गेला, पण त्याच्या गणितावर १७६२ साली लंडनमध्ये इक्विटेबल ही संस्था उभी राहिली. ॲक्चुअरी हे पदनाम विम्यात रुळलं तेही तिथूनच.

एकच सपाट प्रीमियम म्हटला की कंपनीकडे लोकांचा पैसा साठतो आणि त्यावर पुढची तीस-चाळीस वर्षं व्याज किती मिळेल हे आजच धरून चालावं लागतं. मृत्यूचा अंदाज त्यामानाने सोपा. व्याजाचा अंदाज महाकठीण. आणि याचा सगळ्यात बोलका दाखला पुन्हा इक्विटेबलच आहे. तिने अनेक वर्षं निवृत्तिवेतनाच्या पॉलिसींत एक हमी दिली होती : निवृत्त होताना जमलेल्या रकमेवर आजन्म वेतनाचा दर अमुक पातळीखाली जाणार नाही. व्याजदर चढे असताना ही हमी फुकटात पडल्यासारखी होती, कारण बाजारातला दरच तिच्यापेक्षा वर होता. तिची वेगळी किंमत लावण्याची, तिच्यासाठी पुरेसा पैसा बाजूला काढण्याची निकड कुणाला भासली नाही. मग व्याजदर उतरले, माणसं जास्त जगू लागली, आणि ती हमी बाजारभावापेक्षा खूप वरची ठरली. हमीवाल्यांचा बोनस (नफ्यातून मिळणारी वाढीव रक्कम) कापून तोंडमिळवणी करण्याचा कंपनीचा प्रयत्न जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, नाकारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये इक्विटेबलने नवा व्यवसाय घेणं थांबवलं. दोनशेहून जास्त वर्षं टिकलेली संस्था मृत्युसारणीत चुकली नव्हती. एका वाक्याची किंमत लावायची राहून गेली होती.

दावे सावकाश येतात

गाडी ठोकली की दावा आठवड्यात येतो. शस्त्रक्रियेतली चूक, सदोष औषध, कामाच्या जागेवरचं विषारी द्रव्य यांचं तसं नसतं. म्हणून प्रत्येक वर्षाअखेर प्रश्न उरतोच : झालेल्या पण अजून आमच्यापर्यंत न आलेल्या घटनांचे किती द्यावे लागतील? हा आकडा चुकला की पुढच्या वर्षीचा दरही चुकतो, कारण दर त्याच आकड्यांवर उभा असतो.

यासाठीचं हत्यार दिसायला फारच साधं आहे, दाव्यांचा त्रिकोण. पहिल्या वर्षातल्या घटनांपोटी पहिल्या वर्षाअखेर १०० लाख दिले गेले, दुसऱ्या वर्षाअखेर एकूण १५०, तिसऱ्याअखेर १६५. दुसऱ्या वर्षातल्या घटनांपोटी ११० आणि मग १६५. तिसऱ्या वर्षातल्या घटनांपोटी आतापर्यंत १२०. पहिल्याकडून दुसऱ्या टप्प्याला जाताना (१५० + १६५) भागिले (१०० + ११०), म्हणजे दीडपट. पुढच्या टप्प्याला १.१ पट. तेव्हा ताज्या वर्षाचे १२० शेवटी १९८ होतील. दिलेत १२०, बाजूला ठेवा ७८.

एवढ्यावर कोट्यवधींचे निर्णय होतात, आणि बहुतेक वेळा ठीकच होतात. पण त्रिकोण एक गोष्ट गृहीत धरतो, की दावे निकाली काढण्याची चाल बदललेली नाही. कंपनीने यंदा जास्त माणसं नेमून झपाट्याने निकाल लावले तर ताज्या वर्षाचा आकडा मोठा दिसतो, त्रिकोण त्याला इमानेइतबारे दीडपट करतो आणि संकट नसताना संकट दाखवतो. म्हणून जुनेजाणते ॲक्चुअरी संगणकासमोर बसण्याआधी दावे विभागात चक्कर मारून येतात.

ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या बाबतीत त्रिकोणही कामाचा नव्हता. त्याच्या तंतूंमुळे होणारा कर्करोग श्वासातून तंतू गेल्यावर वीस ते पन्नास वर्षांनी दिसतो. विसाव्या शतकाच्या मध्याला विकलेल्या, केव्हाच हिशेब मिटवलेल्या पॉलिसींवर शतकाच्या अखेरीस दावे येऊन आदळले. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात गुंतवणूकदार आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार असत; तिथे त्यापायी अनेकांचं वैयक्तिक दिवाळं निघालं. त्रिकोणात ज्या आजाराची ओळच नाही तो त्यातून दिसणार कसा?

सरासरी जिथे लंगडी पडते

गाड्यांचे अपघात एकमेकांना विचारून होत नाहीत, म्हणून मोठा समूह उपयोगी पडतो. एकाच किनाऱ्यावरची दहा लाख घरं मात्र एकाच वादळात सापडतात. तिथे दहा लाख वेगळी जोखमी नाहीतच. आहे ती एक भलीमोठी.

ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू वादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं. विमा उतरवलेलं नुकसान १५ अब्ज डॉलरच्या वर गेलं आणि अनेक विमा कंपन्या बुडाल्या. तोवर बहुतेक कंपन्या मागच्या वीस-तीस वर्षांचं नुकसान बघून वादळाचा दर ठरवायच्या. ती दशकं त्या भागात तुलनेने शांत गेली होती आणि दरम्यान किनाऱ्यावर घरांची गर्दी झाली होती. कॅरन क्लार्क यांनी १९८७ साली स्थापन केलेल्या एआयआर या छोट्या कंपनीने मात्र वादळ आदळल्यावर लगेच, संगणकी मॉडेलवरून, नुकसान १३ अब्जांच्या वर जाऊ शकतं असं कळवलं होतं. फारसं कुणी ते खरं मानलं नाही.

ही मॉडेलं दाव्यांपासून सुरुवातच करत नाहीत. आधी वाऱ्याचं किंवा भूकंपाचं भौतिकशास्त्र घेऊन हजारो वर्षांची कल्पित वादळं संगणकात घडवायची. मग प्रत्येक वादळ प्रत्यक्ष घरांच्या नकाशावरून न्यायचं, छप्पर कसलं, मजले किती, बांधकाम कधीचं, त्यानुसार मोडतोड काढायची. शेवटी पॉलिसीच्या अटी लावून कंपनीच्या वाट्याला काय येतं ते पाहायचं. बाहेर एक सरासरी पडतेच, शिवाय पूर्ण वक्र मिळतो : शंभर वर्षांतून एकदा एवढं, दोनशे वर्षांतून एकदा तेवढं. युरोपात १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला सॉल्व्हन्सी टू हा नियम नेमका तो दुसरा बिंदू धरतो. वर्षभरातल्या दोनशेपैकी १९९ शक्यतांत तगून राहता येईल इतकं भांडवल कंपनीकडे हवं. वादळी किनाऱ्यावरच्या प्रीमियमचा मोठा भाग हे भांडवल अडकवून ठेवण्याचा आणि पुनर्विम्याचा खर्च असतो. सरासरी नुकसान त्यामानाने थोडं असू शकतं.

जाता जाता, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे आता शंभर वर्षं निश्चिंती, असा अर्थ लोक काढतात. दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच तो अर्थ. तीस वर्षांचं घरकर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के असते.

कुठवर विभागायचं

आकडेवारीत दिसतो म्हणून कुठलाही घटक दरात घ्यावा का? युरोपात तरुण स्त्रियांना गाडीचा विमा स्वस्त पडायचा, कारण त्यांचे अपघात खरोखर कमी होते. युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ च्या निकालात स्त्री-पुरुष भेदावर दर ठरवायला मनाई केली आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ती लागू झाली. आकडे खोटे होते असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाला तोलायचं नाही, हे तत्त्व त्याने वर ठेवलं. यातला व्यावहारिक पेच असा की घटक काढला तरी त्याची सावली राहते. व्यवसाय, गाडीचं मॉडेल, वर्षाला कापलेलं अंतर यांतून मॉडेल पुष्कळसं पुन्हा ओळखून काढतं. गाडीत बसवलेलं यंत्र जोरात ब्रेक दाबणं, रात्रीचं चालवणं, वेग हे थेट मोजतं. ते माणसाच्या वागण्यावर दर ठरवतं, म्हणून मला तरी जास्त न्याय्य वाटतं. पाळतीचा प्रश्न त्यातून उभा राहतो तो वेगळा.

शेवटी एक मॉडेल असंही आहे ज्याचा जोखमीशी काहीच संबंध नाही. नूतनीकरणाच्या वेळी दर किती वाढवला तर हा ग्राहक सोडून जाईल, याचा अंदाज ते बांधतं. जे शोधाशोध करत नाहीत, गुपचूप भरतात, त्यांना दरवर्षी थोडं चढवत न्यायचं आणि नव्या गिऱ्हाइकाला स्वस्तात ओढायचं. वर्षानुवर्षं एकाच कंपनीत राहिलेला, एकही दावा न केलेला माणूस यामुळे नवख्यापेक्षा जास्त भरतो. ब्रिटनमधल्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून गाडी आणि घराच्या विम्यात हे बंद केलं. आता तिथे जुन्या ग्राहकाला सांगितलेला दर, तोच ग्राहक नव्याने आला असता तर त्याला सांगितला असता त्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही.